पांढऱ्याची मर्जी, काळ्याचा अभ्यास

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ वर ढकललं (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा आडवी) की काळ्याने ई५ असं उत्तर द्यायला अक्कल लागत नाही. पुढे लागते. पांढरा एकच ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, घोकून येतो, आणि ते कोणतं हे तोच ठरवणार. काळ्याने मात्र इटालियन, स्पॅनिश, स्कॉच, किंग्ज गॅम्बिट अशी अख्खी पंगत वाढून बसायचं. पाहुणा चहा घेऊन उठतो.

पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला की आपलं ई५ चं प्यादं सांभाळायचं. एफ६ ला प्यादं सरकवणं म्हणजे डामियानो बचाव. डामियानो हा जुना पोर्तुगीज खेळाडू; बिचाऱ्याने १५१२ मध्येच ही खेळी वाईट असं लिहून ठेवलं होतं, तर लोकांनी तिला त्याचंच नाव चिकटवलं! पांढरा घोडा ई५ खातो, तुम्ही घोडा खाता, पांढरा वजीर एच५ वरून शह देतो. मध्ये जी६ घातलंत तर ई५ वर पुन्हा शह, आणि कोपऱ्यातला हत्ती गेला.

ई५ चा बचाव नको, ई४ वर हल्लाच करू म्हणून पेत्रोव नावाचं ओपनिंग निवडलं, तर आपला घोडा एफ६. पांढऱ्याने ई५ खाल्लं की आपला हात ई४ कडे शिवशिवतो. आवरा. पांढरा वजीर ई२ वर येतो, आपला घोडा घाबरून एफ६ ला परततो, आणि पांढरा घोडा सी६ वर उडी मारतो: राजाला उघडा शह, घोड्याच्या तोंडात आपला वजीर. आधी डी६ ने घोडा हाकला, मगच ई४ खा.

म्हणून मी घोडा सी६ वाला. इटालियनमध्ये पांढऱ्याचा उंट सी४ वर आला की आपला घोडा एफ६ काढायला झकास वाटतो, पण पुढे पांढरा घोडा जी५ वर येतो. डी५ खेळा, प्याद्याने मारलं की घोड्याने परत मारू नका. एफ७ वर पांढरा घोडा आदळतो आणि आपला राजा ई६ पर्यंत फरफटतो. घोडा ए५ खेळायचा, एक प्यादं पाण्यात घालायचं आणि वर 'भरपाई आहे' म्हणायचं. माझ्यासारख्या चिकटाने तिसऱ्या खेळीलाच उंट सी५ खेळावं. फक्त पांढऱ्याच्या सी३, डी४ नंतर प्यादी मारामारी झाली की उंटाने बी४ वरून शह द्या. उंट बी६ ला पळवलात तर मधली प्यादी अंगावर येतात.

स्पॅनिशला, म्हणजे पांढऱ्याचा उंट बी५ वर आला की, बर्लिन बचाव: घोडा एफ६. आठव्या खेळीला वजीर गेलेले, आपला किल्लेकोट (राजाला हत्तीआड लपवायची खेळी) बुडालेला, तरी म्हणे काळं ठीक आहे. २००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने हे खेळून जगज्जेत्या कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही, तेव्हा बोलायची सोय नाही.

आणि समोरचा दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर आणतो! घोडा सी६, उंट सी४ आला की जी६, वजीर एफ३ वर गेला की घोडा एफ६. जी६ तिसऱ्या खेळीला, दुसऱ्या नव्हे. हसायचं नंतर.