फोन चार्ज होतो, मग टॅबलेट का नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

टॅबलेट हळू चार्ज होण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि तिला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात. टॅबलेट साडेदहा इंची, बॅटरी ७०४० एमएएच. रात्री ११ ला १८ टक्क्यांवर लावला की सकाळी ७ ला जेमतेम ७०. चार्जर फोनचा, ३३ वॉटचा. केबलही फोनचीच, आणि त्याच जोडीवर फोन रोज सकाळपर्यंत १०० टक्के होतो. तेव्हा चार्जर आणि केबल ठणठणीत, बॅटरी गेली. दुकानदारही तेच म्हणतो. 'आधी केबल आणि सॉकेट तपासा' असं लेखात लिहिणं म्हणजे लोकांना उगाच खर्चात पाडणं, असा तुमचा आक्षेप.

बॅटरी इतक्यात बदलू नका. तुम्ही दिलेले आकडेच दुसरीकडे बोट दाखवताहेत.

७०४० एमएएचला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणलं की सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा येते. १८ वरून ७० म्हणजे ५२ टक्के, म्हणजे साधारण १४ वॉट-तास. आठ तासांनी भागा: बॅटरीत दर तासाला पावणेदोन वॉट-तास गेले, म्हणजे सरासरी पावणेदोन वॉट. चार्जिंगच्या सर्किटमध्ये १५-२० टक्के उष्णतेत जातात आणि वायफाय चालू ठेवून पडून राहिलेला टॅबलेटही थोडं खातो. ते धरलं तर टॅबलेटने चार्जरकडून सुमारे अडीच वॉट ओढले. ५ व्होल्ट गुणिले ०.५ अँपिअर बरोबर अडीच वॉट, आणि ५०० मिलिअँपिअर ही यूएसबी २.० पोर्टची मर्यादा आहे. टॅबलेटला समोर काय जोडलंय हे ओळखता आलं नाही की तो स्वतःहून याच मर्यादेवर थांबतो. ३३ वॉटचा चार्जर लावूनही तुमचा टॅबलेट रात्रभर एखाद्या जुन्या कॉम्प्युटरला जोडल्यासारखा चार्ज होतोय, असंच हे गणित सांगतं.

थकलेली बॅटरी वेगळी वागते, किंबहुना उलटी. तिची क्षमता कमी झालेली असते, त्यामुळे टक्के भराभर चढतात आणि भराभर उतरतात. ४० दाखवत असताना व्हिडिओ लावला की एकदम १५ वर येते, किंवा ३० टक्क्यांवर टॅबलेट गपकन बंद पडतो आणि चार्जर लावताच परत २८ दाखवतो. आतला रोध वाढल्यामुळे शेवटचे टक्के रेंगाळतात हेही खरं, पण ते ८०-८५ च्या पुढे. १८ ते ७० च्या पट्ट्यात सगळा वेळ गोगलगाय, आणि वापरताना मात्र पूर्वीइतकाच टिकतो (हे तुम्हीच लिहिलंय), हे थकलेल्या बॅटरीचं लक्षण नाही. तीन-चार वर्षं रोज वापरलेली बॅटरी उतरते, यात वाद नाही. तुमची उतरलीही असेल थोडी. पण आत्ताचं दुखणं ते नव्हे.

आता तुमचा मुख्य मुद्दा: त्याच केबलवर फोन होतो ना! फोनची बॅटरी ५००० एमएएच धरा, म्हणजे १९ वॉट-तास. ४० टक्क्यांवर झोपताना लावला, तर भरायचे साडेअकरा वॉट-तास. तोट्यासकट साडेतेरा. अडीच वॉटनेसुद्धा हे साडेपाच तासांत होतं. सकाळी उठून १०० दिसतात आणि चार्जर चांगला आहे असं वाटतं, प्रत्यक्षात फोनही तितकाच रडत चार्ज झालेला असू शकतो. रात्रभर लावून ठेवणं ही चाचणीच नव्हे. फोन लावल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात जलद चार्जिंगची खूण येते का, ते बघा. येत नसेल तर केबलवर किंवा चार्जरवर संशय घ्यायला जागा आहे. येत असेल, तर केबलमधल्या तारा बहुधा शाबूत आहेत आणि संशय टॅबलेटच्या सॉकेटवर जातो.

३३ वॉट या आकड्याचंही बघून घ्या. चार्जरवर बारीक अक्षरांत आउटपुट छापलेलं असतं. मोठा आकडा बहुतेक वेळा ९ किंवा ११ व्होल्टला मिळतो, तोही त्या कंपनीच्या फोनशी तिच्या भाषेत बोलणं झालं तरच. दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटला तोच चार्जर ५ व्होल्ट आणि २ किंवा ३ अँपिअर, म्हणजे १० ते १५ वॉट देतो. बोलणंच झालं नाही तर अडीच वॉट. त्यामुळे 'मग ६५ वॉटचा चार्जर घेऊ का' असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच: टॅबलेटला कोणती पद्धत कळते ते आधी बघा. टाइप-सी टॅबलेट यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी, एका कंपनीपुरती नसलेली जलद चार्जिंगची पद्धत) घेणारा असेल तर पीडी लिहिलेला २० किंवा २५ वॉटचा साधा चार्जर ६५ वॉटच्या परक्या चार्जरपेक्षा कामाचा. आणि ब्रँड कोणताही असो, त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. क्रमांक न सापडणारा चार्जर फुकट मिळाला तरी नको.

हे 'बोलणं' होतं कसं, ते थोडं सांगतो, कारण बिघाड नेमका तिथेच असतो. जुन्या टाइप-ए (चपट्या आयताकृती यूएसबी तोंडाच्या) चार्जरमध्ये डेटाच्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. टॅबलेट ते तपासतो आणि 'हा भिंतीतला चार्जर आहे' असं समजून दीड अँपिअरपर्यंत घेतो. काही कंपन्या त्या तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवतात, मग टॅबलेट दोन-सव्वादोन अँपिअर घेतो. केबलमधली एक डेटा तार तुटली, किंवा केबल मुळातच दोन तारांची स्वस्त 'फक्त चार्जिंग' वाली असली, की ही ओळख पटत नाही आणि गाडी ०.५ अँपिअरवर अडकते. टाइप-सी मध्ये हे काम सीसी नावाच्या पिना करतात. टॅबलेटच्या बाजूला त्यांवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर तो दिसल्याशिवाय चार्जर ५ व्होल्टसुद्धा सोडत नाही. म्हणूनच 'सी-टू-सी केबलने काहीच होत नाही, पण ए-टू-सी ने हळूहळू होतं' अशी तक्रार आली की सीसी पिनेचा संपर्क गेलाय, किंवा स्वस्त टॅबलेटमध्ये तो रेझिस्टर दिलेलाच नाही, असं धरून चालावं.

यावरून एक फुकटची चाचणी निघते. टाइप-सी प्लग काढून उलटा करून लावा. सॉकेटमध्ये सीसीच्या दोन पिना असतात, प्लग कसा बसलाय त्यानुसार त्यातली एक वापरली जाते. एका बाजूने जलद आणि दुसऱ्या बाजूने मंद किंवा शून्य झालं, तर बॅटरी निर्दोष, दोष प्लगमध्ये किंवा सॉकेटमध्ये. दुसऱ्या केबलनेही त्याच बाजूला तसंच झालं तर सॉकेट.

केबलची जाडी हा विषय तर तुम्ही हसण्यावारी नेलात, पण हिशेब करून बघा. स्वस्त केबलमधली २८ गेजची तार (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जायला एक तार, परत यायला एक, म्हणजे एक मीटर केबलला ०.४३. २ अँपिअर वाहिले तर ०.८५ व्होल्ट केबलमध्येच खलास, टॅबलेटपाशी उरले ४.१५. टॅबलेटची चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) व्होल्टेज इतकं खाली जाऊ देत नाही. व्होल्टेज साधारण साडेचारच्या आसपास घसरलं की ती स्वतःच करंट कमी करते. म्हणजे एक मीटरच्या या केबलवर १.१-१.२ अँपिअर आणि दोन मीटरच्या केबलवर ०.६ च्या खाली. पलंगापर्यंत पोचावी म्हणून घेतलेली लांब, बारीक केबल हा या तक्रारीतला नेहमीचा गुन्हेगार आहे. केबल तुटलेली नसते, गरम होत नाही, फोनला चालते. २४ गेजच्या तारेत हाच तोटा ०.३४ व्होल्टवर येतो. केबलवर कधीकधी '२४एडब्ल्यूजी' (म्हणजे २४ गेज) असं छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

आता तपासायचं कसं. काही शे रुपयांत यूएसबी मीटर मिळतो. टाइप-सी चा घ्या आणि केबल व टॅबलेट यांच्या मध्ये लावा, चार्जरपाशी नको, नाहीतर केबलमधला तोटा दिसणारच नाही. टॅबलेट २० ते ६० टक्क्यांच्या मध्ये हवा, कारण ८० च्या पुढे करंट आपोआप उतरतो आणि तुम्ही उगाच घाबरता. स्क्रीन बंद, दोन मिनिटं थांबा, मग वाचा. ५ व्होल्टच्या आसपास आणि १.५ ते २ अँपिअर, किंवा ९ व्होल्ट आणि दीडच्या पुढे, तर सगळं छान. व्होल्टेज ४.५ ला चिकटलेलं आणि करंट एकच्या मागेपुढे, तर केबल. व्होल्टेज पाच आणि करंट ०.४५-०.५ वर खिळलेला, तर ओळख पटत नाहीये. आकडा सारखा ०.५ आणि १.५ मध्ये नाचतोय आणि प्लग हलवला की बदलतो, तर सॉकेट.

मीटर नको असेल तर घड्याळ आणि टक्के. एअरप्लेन मोड लावा, स्क्रीन बंद, बरोबर अर्धा तास. तुमच्या बॅटरीला १० वॉटवर १५ टक्क्यांच्या आसपास वाढ दिसायला हवी, अडीच वॉटवर जेमतेम ४. दुसरी आखूड केबल, दुसरा चार्जर, एका वेळी एकच गोष्ट बदलून हीच अर्ध्या तासाची चाचणी करा. दोन्ही एकदम बदललं तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही. आणि चार्जर भिंतीतल्या पॉइंटला लावा. एक्स्टेंशन बोर्डवरचं यूएसबी पोर्ट, टीव्हीचं पोर्ट, लॅपटॉप, हे सगळं चाचणीपुरतं बाद.

सॉकेट साफ करताना घाई नको. टॅबलेट पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. प्लग पूर्ण आत जातोय का, की मिलिमीटरभर फट राहते? फट राहत असेल तर तळाशी पिशवीतला कापूस-धूळ दाबून बसलीय. प्लग खुपसून खुपसून तिचा घट्ट थर झालेला असतो. लाकडी टूथपिक चाकूने चपटी तासून, मधल्या जिभेच्या चारही बाजूंनी कडेकडेने, आतून बाहेर ओढा. सेफ्टी पिन, सुई, यू-पिन यांना हात लावू नका. जिभेवरचा एक संपर्क उचलला गेला की सॉकेटच बदलावं लागतं. पिना हिरवट दिसल्या तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक ब्रशवर घेऊन हलक्या हाताने घासा आणि अर्धा तास वाळू द्या. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कोकणात पावसाळ्यात ओलसर प्लग तसाच लावून ठेवणाऱ्यांकडे हा हिरवटपणा हमखास दिसतो: व्होल्टेज असलेल्या पिनेवर ओल आली की ती झिजत जाते.

तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी एकाने '८० वर अडकतो, बॅटरी गेली का' असं विचारलंय. तो बिघाड नाही. बॅटरी संरक्षणाचा पर्याय चालू असला की कित्येक टॅबलेट ८० किंवा ८५ वर मुद्दाम थांबतात, सेटिंग्जमध्ये बंद करता येतो. आणि नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी मे महिन्यात जाड कव्हर काढून, गादीवर न ठेवता चार्ज करावं. बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की चार्जिंग रोखलं जातं, ते तसंच हवं.

कपाटात महिनोन्महिने पडून असलेला टॅबलेट हे वेगळं प्रकरण. बॅटरी ३ व्होल्टच्या खाली उतरलेली असते, आणि आयसी आधी नेहमीच्या दशांश करंटने तिला हळूहळू वर आणते. तेवढा वेळ स्क्रीन काळीच. तासभर लावून ठेवा, मध्येच बटण दाबून चालू करायचा प्रयत्न करू नका. लोगो येतो आणि जातो, त्यात जमवलेलं सगळं संपतं. मात्र स्क्रीन कडेने उचललेली किंवा पाठ फुगलेली दिसली तर हे काहीच करू नका. चार्जर काढा, दाबून बसवू नका, टोचू नका, दुकानात न्या.

राहिला तुमचा दुकानदार. त्याला बॅटरी टाकायच्या आधी मीटरवर करंट दाखवायला सांगा, दुरुस्ती करणाऱ्या कोणाकडेही तो असतो. ०.५ दिसला तर सॉकेट किंवा चार्जिंगचा छोटा सब-बोर्ड (सॉकेट बसवलेली छोटी पट्टी) आधी बघायला लावा. बऱ्याच टॅबलेटमध्ये तो वेगळा निघतो आणि बॅटरीपेक्षा स्वस्तात होतो. बॅटरी तर गोंदाने चिकटवलेली असते, ती उपसताना स्क्रीन जायचा धोका असतो, आणि सॉकेट तेच राहिलं तर नवी बॅटरीही अडीच वॉटनेच भरेल. उलट करंट पावणेदोन-दोन अँपिअर दिसतोय, टॅबलेट बंद ठेवलाय, तरीही अर्ध्या तासात चार टक्केच चढले, तर वीज आत जातेय पण बॅटरीत साठत नाहीये. तसं झालं तर बोर्डवर कुठे लीकेज (वीज भलतीकडे गळणं) आहे का हे आधी तपासून घ्या आणि ते नसेल तर खुशाल बॅटरी टाका.