पुंगळीची लांबी आणि ट्रिमरची निवड: ‘मोटरवालाच घ्या’ या सल्ल्याचा प्रतिवाद

घरी रिलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळ्या (बाहेरच्या पितळी नळ्या) पुन्हा भरणं, सुरू करणाऱ्या नेमबाजांमध्ये केस ट्रिमरबद्दल, म्हणजे पुंगळी कापून लांबी बरोबर करणाऱ्या साधनाबद्दल, एक सल्ला फार फिरतो. त्याचा आशय असा: “केस ट्रिमर घ्यायचा तर मोटरवाला, पुंगळीच्या खांद्यावर टेकणारा आणि महागडाच घ्या. हाताने फिरवायचे स्वस्त ट्रिमर अचूक नसतात. एकच चांगलं यंत्र सगळ्या कॅलिबरना पुरतं. दर फायरिंगनंतर प्रत्येक पुंगळी कापा, पिस्तुलाचीसुद्धा. सगळ्या पुंगळ्या हजारांश इंचापर्यंत सारख्या झाल्या की ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) आपोआप लहान होतो.”

यातलं प्रत्येक विधान कुठे ना कुठे चुकतं. त्यामुळे नवख्या माणसाचे पैसे भलत्या ठिकाणी जातात, ते एकवेळ सोडून देऊ. पण पुंगळी मुळात कापायची कशासाठी हेच या सल्ल्यात हरवलं आहे, आणि ते माहीत नसलेल्या माणसाच्या हातात कितीही चांगलं यंत्र दिलं तरी धोका टळत नाही. म्हणून आधी ते.

काडतुसाची पुंगळी पितळेची असते, साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. गोळी सुटताना ती फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते. पुढच्या वेळी साइझिंग डायमध्ये दाबून आपण तिला पुन्हा बारीक करतो. दाबलेलं पितळ कुठेतरी सरकणारच, आणि ते सरकतं पुढे, मानेकडे, म्हणजे बुलेट धरून ठेवणाऱ्या पुढच्या भागाकडे. खांदा (अंग निमुळतं होऊन मानेला मिळतं तो उतार) असलेल्या रायफलच्या पुंगळीची मान अशी दर फेरीला थोडी थोडी लांबत जाते. चेंबरमध्ये मानेसाठी ठेवलेली जागा मात्र ठरलेली असते. तिच्यापुढे व्यास लहान होतो. मान तिथवर पोचली की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद करताना पुंगळीचं तोंड त्या निमुळत्या भागात दाबलं जातं आणि बुलेटला आवळून धरतं. बार उडाल्यावर तोंडाला उघडायला जागाच उरत नाही, आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो.

म्हणूनच रिलोडिंगच्या पुस्तकात प्रत्येक काडतुसापुढे दोन लांब्या छापलेल्या असतात: कमाल लांबी आणि कापून आणायची लांबी. .223 रेमिंग्टनसाठी त्या 44.70 आणि 44.45 मिलिमीटर आहेत, तर .308 विंचेस्टरसाठी 51.18 आणि 50.93. दोन्हींत अंतर पाव मिलिमीटरचं, म्हणजे 0.010 इंचाचं. या पट्ट्यात कुठेही असलेली पुंगळी लांबीच्या दृष्टीने सुरक्षित असते. ट्रिमरचं पहिलं काम पुंगळीला या पट्ट्यात आणणं आणि तोंड सरळ, काटकोनात ठेवणं. हे ध्यानात ठेवलं की बाकीचे दावे तपासायला सोपे जातात.

सुरुवात शेवटच्या दाव्यापासून करतो, कारण पैसे खर्च करायला लावणारा दावा तोच आहे.

“लांबी सारखी झाली की ग्रुप लहान होतो.” जिथे क्रिंप करायचा असतो तिथे सारख्या लांबीचा फायदा खरोखर दिसतो. तोंड आत वळवून बुलेटच्या खाचेत बसवायचं असेल आणि एक पुंगळी लांब, दुसरी आखूड असेल, तर एकीवर क्रिंप जास्त बसतो आणि दुसरीवर कमी. रिव्हॉल्व्हरच्या .357 मॅग्नममध्ये किंवा क्रिंप करून वापरायच्या सेमी-ऑटो रायफलच्या काडतुसांत हे महत्त्वाचं आहे. पण क्रिंप न करता बोल्ट रायफलमधून टार्गेटवर मारणाऱ्याने एक-दोन हजारांश इंचाच्या फरकावर झोप उडवून घेण्याचं कारण नाही. मान बुलेटला किती घट्ट धरते, ती पकड प्रत्येक पुंगळीत सारखी आहे का, बुलेट सरळ बसली आहे का, बुलेट आणि पावडरची जोडी त्या बॅरलला मानवते का, या गोष्टींचं वजन माझ्या मते लांबीच्या त्या सूक्ष्म फरकापेक्षा कितीतरी जास्त आहे.

यातून एक उलटी चूकही होते. सगळ्या सारख्या करायच्या म्हणून काही जण गठ्ठ्यातल्या सर्वांत आखूड पुंगळीएवढ्या बाकीच्या कापतात. मग मान उगाच आखूड होते, बुलेटवरची पकड कमी होते आणि चेंबरच्या मानेचा उघडा पडलेला भाग काजळीने भरत जातो. ती काजळी कडक होऊन पुढे स्वतःच एक अडथळा बनते.

“हाताने फिरवायचे स्वस्त ट्रिमर अचूक नसतात.” इथे थोडं थांबायला हवं. ट्रिमरची अचूकता किमतीवर ठरत नाही, मोटरवरही ठरत नाही. पुंगळी कुठे टेकवून लांबी मोजली जाते, यावर ती ठरते. ट्रिमर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच.

सर्वांत स्वस्त पर्याय घ्या: ली कंपनीचा कटर आणि लांबीची पिन. पुंगळीचा बुडखा शेल होल्डरमध्ये घट्ट बसतो, पिन पुंगळीच्या आतून फ्लॅश होलमधून (बुडख्यातल्या बारीक भोकातून) खाली जाते आणि तळाच्या स्टडला टेकते. टेकली की कटर थांबतो. यात सेट करायचा स्क्रू नाही, ढिली होणारी रिंग नाही, चुकून हलणारं काही नाही. पिनची लांबी कारखान्यात ठरलेली असते. तिची मर्यादाही तीच. प्रत्येक काडतुसाला वेगळी पिन लागते, आणि आपल्याला थोडी लांब पुंगळी ठेवायची असली तर ती पिन लांब करता येत नाही. पण अचूकता नाही असं म्हणणं चूक आहे. आज कापलेली आणि वर्षभराने कापलेली पुंगळी या साध्या साधनातून सारखीच निघते.

दुसरा प्रकार छोट्या लेथसारखा: फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस, रेडिंग या कंपन्यांचे हाताने फिरवायचे ट्रिमर. यांत पुंगळी बुडख्याकडून कॉलेटमध्ये (चहूबाजूंनी आवळणाऱ्या पकडीत) किंवा शेल होल्डरसारख्या पकडीत धरली जाते आणि पुढून पायलट नावाची दांडी मानेत शिरून तिला मध्यावर ठेवतो. एका यंत्रावर कॉलेट आणि पायलट बदलून शेकडो प्रकारची काडतुसं कापता येतात, हा त्यांचा मोठा गुण. दोष पकडीत आहे. एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) रिमला, म्हणजे बुडख्याच्या कडेला, पाडलेला ओरखडा, रिमच्या जाडीतला फरक, कॉलेट दर वेळी कमी-जास्त आवळणं, पकडीत अडकलेला पितळेचा एखादा कीस, यांतल्या कशानेही लांबी हलते. उपाय साधा आहे: ब्रशने पकड झाडत राहायची, हाताचा जोर सारखा ठेवायचा आणि अधूनमधून व्हर्निअर कॅलिपरने मोजायचं. एवढं केलं तर पाव मिलिमीटरच्या पट्ट्यात राहणं मुळीच अवघड नाही.

विल्सनचा ट्रिमरही हातानेच फिरतो. त्यात पुंगळी निमुळत्या होल्डरमध्ये हलकेच ठोकून बसवतात. पकड रिमवर नसून अंगाच्या उतारावर असते, त्यामुळे पायलट लागत नाही. अचूकतेच्या मागे लागलेले कित्येक नेमबाज हा हाताचा ट्रिमर मुद्दाम वापरतात, कारण तोंड काटकोनात कापण्याच्या बाबतीत त्याच्या तोडीचं फार थोडं मिळतं. “हाताचा म्हणजे ढोबळ” हा दावा इथेच कोसळतो.

आणि खांद्यावर टेकणारे? गिरॉडचं यंत्र किंवा ड्रिलच्या चकमध्ये बसणारा डब्ल्यूएफटी यांच्यात पुंगळी तोंडाकडून आत ढकलायची, खांदा टेकला की कटर तेवढंच कापतो. रिमचे दोष इथे आडवे येत नाहीत. काम झपाट्याने होतं, आणि ते चांगलं होतं हे मला मनापासून मान्य आहे. पण या यंत्राचं मोजमाप खांद्यापासून सुरू होतं. बुडख्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर प्रत्येक पुंगळीत वेगळं असेल, तर एकूण लांबीही तेवढीच वेगळी येणार. साइझिंग न केलेल्या, वेगवेगळ्या रायफलींतून निघालेल्या पुंगळ्या त्यात घातल्या तर महागडं यंत्रही विस्कळीत लांब्या देईल, आणि त्यात यंत्राचा दोष नसेल. आधी साइझिंग, मग मोजणी, मग कापणी, हा क्रम सगळ्याच ट्रिमरना लागू आहे. साइझिंगमध्येच मान लांबत असल्याने त्याआधी घेतलेलं माप निरुपयोगी ठरतं. खांद्यावर टेकणाऱ्या यंत्रात हा क्रम मोडला की चूक दुप्पट होते.

“मोटरवालाच घ्या.” मोटर कटर फिरवते, मोजत नाही. ती घेण्याआधी वेळ नक्की कुठे जातो ते पाहावं. पुंगळी साफ करणं, वंगण लावणं, साइझिंग, वंगण पुसणं, मोजणं, पकडीत बसवणं, कापणं, तोंडाला आतून चॅम्फर मारणं (कड तिरकी घासणं), बाहेरची बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढणं. यात प्रत्यक्ष कापण्याचा वेळ अगदी थोडा असतो. चॅम्फर आणि बर या दोन कामांसाठी प्रत्येक पुंगळी पुन्हा दोनदा हातात घ्यावी लागते, खरा वेळ तिथे जातो. म्हणून वेळ वाचवायचा असेल तर मोटरपेक्षा तीन कामं एकदम करणाऱ्या कटरचा आधी विचार करावा. असे कटर हाताच्या काही ट्रिमरनाही मिळतात. फक्त ते लावताना जपून. जरा जास्त आत गेला तर तोंड सुरीसारखं पातळ होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची मान कमी-जास्त जाड असते, त्यामुळे गठ्ठे कंपनीनुसार वेगळे ठेवलेले बरे.

हातात धरलेल्या ड्रिलवर कटर चालवताना ड्रिल डगमगलं की तोंडावर लहरी उठतात. कटर बोथट असेल तर मोटर ते लपवते, कारण जोर आपल्या हाताला जाणवत नाही. हाताने फिरवताना पितळ कसं कापलं जातंय ते बोटांना कळतं, आणि नवख्याला ही जाणीव फार उपयोगाची आहे.

मोटरची गरज असते ती मोठ्या गठ्ठ्यांना. सेमी-ऑटोसाठी .223 च्या पुंगळ्या एका बैठकीत शेकड्यांनी करणाऱ्याचं मनगट हाताच्या ट्रिमरने दुखावेल. .223 कापून .300 ब्लॅकआउट बनवणाऱ्याला तर आधी करवतीने मान आणि खांदा उडवून मग बरंच पितळ काढावं लागतं, तिथे मोटर हवीच. महिन्याकाठी एका रायफलची मोजकी काडतुसं भरणाऱ्याने मात्र आधी चांगला व्हर्निअर घ्यावा, मग पिनवाला कटर किंवा हाताचा लेथ-ट्रिमर. बरोबर लांबीला कापलेली एक पुंगळी खूण करून बाजूला ठेवावी, म्हणजे दर वेळी सेटिंग त्याच मापाशी ताडून पाहता येतं.

“एकच यंत्र सगळ्या कॅलिबरना पुरतं.” खांद्यावर टेकणाऱ्या यंत्राबद्दल हे म्हणणं तर सरळ खोटं आहे. .357 मॅग्नम किंवा .45-70 यांसारख्या सरळ पुंगळ्यांना खांदाच नसतो. लेथच्या धर्तीचे ट्रिमर बहुतेक काडतुसांना चालतात, पण पायलट, क्वचित कॉलेटही, वेगळे घ्यावे लागतात. त्यांची किंमत यंत्राच्या किमतीत धरूनच हिशेब करावा.

“दर फायरिंगनंतर प्रत्येक पुंगळी कापा, पिस्तुलाचीसुद्धा.” पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या कमी दाबाच्या, त्या फारशा वाढत नाहीत, उलट थोड्या आखूड होतानाही दिसतात. शिवाय 9 मिलिमीटर ल्यूगर आणि .45 एसीपी या पुंगळ्या चेंबरमध्ये तोंडावर टेकतात. त्यांचा हेडस्पेस (पुंगळी चेंबरमध्ये किती आत जाऊन टेकते ते माप) तोंडावरून ठरतो. त्या कापत राहिलं तर पुंगळी चेंबरमध्ये हवी तिथे टेकणार नाही, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आधाराने लटकलेली पुंगळी फायर होईल. यासाठी ट्रिमर घेणं व्यर्थ आहे.

रायफलच्या पुंगळीला दर वेळी कापायची गरज पडत असेल तर ट्रिमर चांगला आहे म्हणून खूश होऊ नये, साइझिंग डायकडे पाहावं. डाय गरजेपेक्षा खाली लावली असेल तर ती खांदा जास्त मागे ढकलते. बार उडाला की पुंगळी पुन्हा तेवढीच ताणते, आणि हे ताणलेलं पितळ येतं बुडख्याजवळच्या भिंतीतून. बोल्ट रायफलमध्ये खांदा एक-दोन हजारांश इंच मागे जाईल एवढंच साइझिंग पुरेसं असतं. मापासाठी खांद्यावर टेकणारा कंपॅरेटर नावाचा जोड व्हर्निअरला लावावा. डाय अशी नीट बसवली की कापण्याची वेळ बरीच लांबते आणि पुंगळीचं आयुष्यही वाढतं.

जी पुंगळी पुन्हा पुन्हा कापावी लागली आहे तिची लांबी बरोबर असली तरी बुडख्याजवळची भिंत पातळ झालेली असू शकते, आणि ट्रिमर ते कधीच दाखवत नाही. बाहेरून बुडख्याच्या थोडं वर चकचकीत कडं दिसतं का पाहावं. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक किंचित वाकवावं, आत घालून भिंतीवरून बुडख्याकडून वर ओढत आणावं. खाच लागली तर ती पुंगळी न मोजता, न कापता, पक्कडीने तोंड चेपून भंगारात टाकावी, आणि त्याच गठ्ठ्यातल्या तेवढ्याच वेळा भरलेल्या बाकीच्या पुंगळ्याही एकेक करून तपासाव्यात.