सहलीच्या नौकेवर बंदूक कशी न्यावी

ज्यांच्या घरी लक्ष्मी पाणी भरते आणि ज्यांची स्वतःची नौका मांडव्याच्या धक्क्याला लागते, अशा सद्गृहस्थांना अलीकडे एकच विवंचना सतावते: मुंबई ते अलिबाग या वाटेवर चाचे भेटले तर काय करावे? नौकेवर बर्फाची पेटी आहे, गाण्यांची चोख व्यवस्था आहे, पाहुण्यांसाठी लाइफ जॅकेटेही बहुधा आहेत. उणीव आहे ती एका बंदुकीची. ही उणीव भरून काढण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांच्या सोयीसाठी काही सूचना येथे देत आहे. त्या पाळल्यास चाच्यांपासून रक्षण होईलच असे नाही, परंतु पुढील काही वर्षे आपल्याला कंटाळा येणार नाही, याची हमी देता येते.

प्रारंभ परवान्यापासून करावा. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि हा परवाना मुंबईत पोलीस आयुक्तांकडे व जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावा लागतो. अर्जात कारण विचारतात. स्वसंरक्षण, नेमबाजी, पीकसंरक्षण ही कारणे त्या टेबलाच्या चांगल्या परिचयाची आहेत. ‘शनिवार-रविवारी मित्रांसह समुद्रात जातो’ हे कारण वाचून समोरचा कर्मचारी मान वर करून आपल्याकडे पाहील, तेव्हा चेहरा गंभीर ठेवावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात, त्यामुळे फ्लॅट, फार्महाउस आणि नौका अशी तीन ठाणी सांभाळणाऱ्यांवर केवढा अन्याय झाला आहे, याकडे अद्याप कोणत्याही पक्षाचे लक्ष गेलेले नाही. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आपल्याकडे लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत कोणती ना कोणती निवडणूक उंबरठ्यावर असतेच. तेव्हा त्या काळात हल्ला करू नये, अशी विनंती चाच्यांना आधीच करून ठेवावी.

याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आपल्यासारख्यांसाठी एक चोरवाट आहे, असे एखादा वकील मित्र दुसऱ्या पेल्यानंतर आपल्याला सांगेल. समुद्रगामी जहाजावरची शस्त्रे त्या जहाजाच्या नेहमीच्या शस्त्रसामग्रीचा किंवा साधनसामग्रीचा भाग असतील, तर त्यांना हा कायदा लागू होत नाही, असे ते कलम खरोखरच म्हणते. आता आपले काम एवढेच उरते की, नांगर, सुकाणू आणि होकायंत्र यांच्या पंगतीला रायफल नेहमीच बसत आली आहे हे सिद्ध करायचे, आणि जी नौका पावसाळ्याचे चार महिने ताडपत्री पांघरून झोपते ती समुद्रगामी आहे, हेही सिद्ध करायचे. सामानाच्या यादीत रायफलीची नोंद लाइफ जॅकेटांच्या खाली आणि कबाबाच्या शेगडीच्या वर करावी, म्हणजे ती ‘नेहमीची’ वाटण्यास मदत होईल.

जहाजावरील शस्त्रांच्या कायद्याचा कीस किती बारीक पडू शकतो हे पाहायचे असेल, तर ‘सीमन गार्ड ओहायो’ या जहाजाची कथा वाचावी. जहाज अमेरिकी कंपनीचे, ध्वज सिएरा लिओनचा, काम चाच्यांपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करणाऱ्या पहारेकऱ्यांना ने-आण करण्याचे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तटरक्षक दलाने ते अडवून तुतिकोरिनला आणले, तेव्हा त्यावर ३५ माणसे आणि ३५ रायफली होत्या. उच्च न्यायालयाने शस्त्रांचे आरोप रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, जानेवारी २०१६ मध्ये सगळ्यांना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. सुटले हे महत्त्वाचे. चार वर्षे हा तपशील झाला. ही माणसे या व्यवसायात मुरलेली होती आणि कागदपत्रे सांभाळणे हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता, हे लक्षात घेता आपले प्रकरण याहून लवकर निकाली निघेल, असे मानण्यास काहीच हरकत नाही.

‘बारा मैलांच्या पलीकडे गेले की कायदा संपतो’ असे धक्क्यावर ठामपणे सांगणारे सद्गृहस्थ आपल्याला भेटतीलच, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणे सुखाचे असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, भारताचे सार्वभौमत्व पूर्ण चालते हे खरे. परंतु नौका भारतात नोंदलेली असेल तर ती जगात कोठेही असो, तिच्यावरील माणसाला भारतीय न्याय संहिता लागू राहते. कायदा धक्क्यावर उभा राहून रुमाल हलवीत निरोप देत नाही. तो आपल्याबरोबर नौकेत बसतो आणि त्याला बोट लागत नाही. परदेशी ध्वज लावावा, असेही कोणी सुचवील. ध्वज लावावा, पण मग १९८२च्या समुद्रकायदा कराराचे १९वे कलम उशाशी ठेवावे. परक्या देशाच्या किनारी समुद्रातून निरुपद्रवीपणे जाण्याची मुभा सर्वांना आहे, मात्र तेथे कोणत्याही शस्त्राचा सराव केला की ते जाणे निरुपद्रवी राहत नाही. तेव्हा फुगे बांधून नेम धरण्याची हौस दाबून ठेवावी लागेल.

एवढे वाचूनही उत्साह टिकला असेल, तर हरिहरेश्वरच्या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास करावा, कारण सहलीच्या नौकेवरील शस्त्रे महाराष्ट्रात कशी पोहोचतात याचा तो उत्तम नमुना आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची एक नौका लागली. नौकेवर माणूस नव्हता. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे होती. जिल्ह्यात नाकाबंदी झाली, दहशतवादविरोधी पथक धावले, आणि विधिमंडळाचे अधिवेशन चालू असल्यामुळे गृहमंत्र्यांना सभागृहात निवेदन करावे लागले. त्यातून कळले ते असे: नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, मस्कतहून युरोपकडे निघाली होती, २६ जूनला तिचे इंजिन बंद पडले, मदतीचा संदेश गेला, एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवून ओमानच्या हवाली केले आणि खवळलेल्या समुद्रात नौका ओढून नेता आली नाही. त्यानंतर जवळजवळ आठ आठवडे त्या तीन रायफलींनी अरबी समुद्रात एकट्याने नौकाविहार केला. परवाना नाही, कप्तान नाही, व्हिसा नाही. ऐन मान्सूनमध्ये त्या कोकणात सुखरूप उतरल्या. संकटाच्या घडीला माणसांच्या कामी जे आले ते संदेश पाठवणारे यंत्र, हा योगायोग समजून सोडून द्यावा, अन्यथा आपण बंदुकीऐवजी एक चांगला व्हीएचएफ रेडिओ घेऊन बसाल आणि मित्रांमध्ये हसे होईल.

रायगडचे लोक अशा पाहुण्यांना पाहून एवढे का दचकतात, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर हरिहरेश्वर ज्या तालुक्यात आहे त्याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला १९९३ साली मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी काय उतरवले गेले होते, हे तेथील कोणत्याही ज्येष्ठ माणसाला विचारावे. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे जिच्यातून आले ती ‘कुबेर’ हीसुद्धा एक साधी मासेमारीची नौकाच होती. तेव्हापासून कोळ्याला ओळखपत्र गळ्यात अडकवून समुद्रात जावे लागते आणि गस्तीवरच्या पोलिसाला ते दाखवावे लागते. त्याच समुद्रात आपण हौसेखातर रायफल मिरवणार आहात, म्हणून गस्तीवाल्यांनी आपल्याशी अदबीने वागावे, ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

आता मूळ हेतूकडे, म्हणजे चाच्यांकडे वळू. काही वर्षे जहाजवाहतूक क्षेत्राच्या नकाशावर चाचेगिरीच्या धोक्याचा प्रदेश पार ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत आखलेला होता, त्यामुळे कागदोपत्री रत्नागिरी आणि गोवासुद्धा चाच्यांच्या मुलखात मोडत होते. २०१५ मध्ये ती रेषा मागे सरकली आणि जानेवारी २०२३ पासून तो प्रदेशच नकाशावरून काढून टाकण्यात आला. आपण बंदूक घेण्यास थोडा उशीर केलात, एवढेच. तरीही रात्री एखादी होडी बत्ती हलवीत, ओरडत आपल्याकडे वेगाने येताना दिसली, तर तिला चाचे समजण्याची परंपरा उपलब्ध आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी असाच समज करून घेतला आणि दोन मच्छीमार मारले गेले. आंतरराष्ट्रीय लवाद, दोन सरकारे आणि १० कोटी रुपयांची भरपाई यांतून ते प्रकरण २०२१ मध्ये मिटले. होडीवरचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बहुतेक वेळा इतकेच सांगत असतो की, पुढे आमचे जाळे लावलेले आहे, नौकेचा पंखा त्यात अडकवू नका. त्यावर गोळी झाडण्यापूर्वी आपल्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यातील व्याख्या वाचून घ्यावी. खासगी नौकेवरील माणसांनी खासगी हेतूने खोल समुद्रात दुसऱ्या नौकेविरुद्ध केलेली बेकायदा हिंसा, असा तिचा साधारण आशय आहे, आणि त्या वर्णनाच्या अधिक जवळ तांडेल आहे की आपण, हे ठरवण्यास फार वेळ लागणार नाही.

फ्लोरिडात स्थायिक झालेल्या मराठी बांधवांना, तेथे बंदूक सहज मिळते म्हणून, या कटकटी लागू नाहीत असे वाटते. मायामीहून बहामातील बिमिनी बेटांना निघाल्यावर संध्याकाळच्या आत बहामाचे सीमाशुल्क अधिकारी त्यांना बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची नेमकी संख्या विचारतात, आणि तो आकडा शेवटपर्यंत तोच राहावा लागतो.

राहता राहिली नौकेवरची वाढदिवसाची पार्टी. केक कापताना हवेत दोन बार काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. समारंभातील अशा निष्काळजी गोळीबारासाठी २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तजवीज केली आहे, आणि पुरावा पाहुण्यांच्या मोबाइलवर स्वखर्चाने तयार होतो. तेवढ्यात तटरक्षक दलाची गस्ती नौका दिसली आणि घाबरून बंदूक समुद्रात टाकावीशी वाटली, तर टाकण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. शस्त्र हरवल्यास परवानाधारकाला ते ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे लागते; तेव्हा हरवल्याच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सुवाच्य अक्षरांत टिपून ठेवावेत, आणि ते १२ मैलांच्या आतले सांगणे सोयीचे की बाहेरचे, हे त्या वकील मित्राला तो पहिल्याच पेल्यावर असताना विचारून घ्यावे.