महापुरात ड्रम कशाला?

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली, की कोल्हापुरात आमच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर दुसरा विषय निघत नाही. यंदा वादाला कारण झाला बापूंनी पन्हळीखाली लावलेला निळा ड्रम.

"बापू, गावात पाणी शिरायला आलंय आणि तुमी पाणी साठवताय व्हय?" पिंट्यानं काडी टाकली.

"२०१९ ला नळाला काय येत हुतं, सांग बघू."

पिंट्या गप्प. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली आणि ज्यांच्या दाराला पूर शिवलाही नव्हता त्यांच्या नळालाही ठणठणाट.

"जार आणायचा की मर्दा."

"शिरोलीला हायवे पाण्याखाली. जार काय होडीतनं येणार?"

सुहासनं मात्र वजनदार मुद्दा काढला. "आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन झालीया. धरणातलं पाणी, पंचगंगेचा संबंधच न्हाय."

याला दम आहे, हे मलाही मान्य. पण बापू हटले नाहीत. "आणि पंप कशावर चालतोय? पुरात लाइट आधी जाती."

मास्तरांनी तंबाखूच्या पुडीच्या कागदावर हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बापूंचा पत्रा पाचशे चौरस फूट, म्हणजे ४६ चौरस मीटरच्या आसपास. १० मिलिमीटर पडला तर सांडलवंड सोडून साडेतीनशे लिटर. दोनशेचा ड्रम भरून वाहणार. चौघांना पिण्या-रांधण्यापुरतं रोजी २० लिटर धरलं तर दहा दिवसांची सोय.

"मग पाऊस चालूच असतोय की! रोज बादली लावा, साठवायचं कशाला?"

पिंट्या इथंच फसला. नदी काही आपल्या पेठेतल्या पावसानं चढत नाही. गगनबावड्याकडं कोसळतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, आणि इथं पाऊस उघडला तरी पाणी चढतच राहतं. बादली तेव्हा कोरडीच.

"पर त्या पत्र्यावर कबुतरं बसत्यात बापू. तेच पिणार?"

"पहिल्या धारेचं सोडतोय रं. पत्रा धुऊन निघेपर्यंतच्या तीन-चार बादल्या गटारीत. मग तोंडाला फडकं बांधून भरायचं. प्यायचं ते उकळून."

"झाकण ठेवा पण," सुहास म्हणाला. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवी फौज उडते. आरोग्यवाले घरोघरी ड्रम ओतून जातात ते उगीच नाही.

मला मात्र ड्रमचीच शंका होती. असले निळे ड्रम भंगारात स्वस्त मिळतात, पण आधी आत काय होतं हे विकणाराही सांगत नाही. केमिकलचा असेल तर कितीही धुवा, प्यायला नको; त्याचं पाणी संडासाला वापरावं. बापूंनी वास घेऊन पाहिलाय म्हणे. हा काही पुरावा झाला नाही.

आणि खरी गोची मास्तरांनी शेवटी काढली. ड्रम अंगणात. पूर आला की पहिला तोच बुडणार. वरच्या सोप्यात हलवावा, तर दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, आणि बापूंच्या घराच्या तुळया आजोबांच्या काळातल्या.

"मग वीस-वीसचे कॅन भरून वर भिंतीकडंनं लावा," सुहास म्हणाला.

"दहा कॅन आणू कुठनं?"

"माझ्याकडं चार हायत," पिंट्या बोलला. सकाळपासून बापूंची टर उडवणारा हाच. "पर गोडेतेलाचे हायत."

"चालतंय की. गरम पाण्यात सोडा टाकून घास. आणि आजच आण, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नगोस."