रुंदी पुढे वाढवायची की मागे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्पोर्ट क्वाडच्या (मोटरसायकलसारख्या हँडलच्या, कच्च्या रस्त्यावर पळवायच्या चारचाकीच्या) रुंदीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटलं नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गाडी जितकी रुंद तितकी ती उलटायला अवघड, हे अकरावीचं फिजिक्स मी उगाच किचकट केलं. पुण्यात कॉलेजात असताना तुमच्या बाहा गाडीचा (विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या ऑफ-रोड गाडीचा) ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, वाढवल्यावर ती सुधारलीच. मोटोक्रॉसवाले सगळे रुंद गाड्याच पळवतात. आणि स्वस्तात स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) मिळत असताना मी लोकांना महागडे ए-आर्म (पुढचं चाक चासीला जोडणारे सस्पेन्शनचे दांडे) घ्यायला लावतो. शिवाय अमेरिकेत टेनेसीत तुम्ही यामाहा वायएफझेड 450 आर घेतलीत, मागे दोन्हीकडे दीड-दीड इंचाचे स्पेसर लावलेत, आणि आता गाडी डगमगत नाही म्हणता. फक्त जंगलातल्या अरुंद वळणांवर "थोडी सरळ जाते".

त्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलंय. पण आधी फिजिक्स.

उलटण्याचं तुमचं गणित चूक नाही. फक्त ते बाहा गाडीचं आहे. तिथे ड्रायव्हर पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो, त्यामुळे उलटण्याविरुद्ध जे काही करायचं ते गाडीच्या रुंदीनं आणि उंचीनंच करावं लागतं. क्वाडवर माणूस मोकळा असतो. 450 आर तेल-पेट्रोलसकट 185 किलोच्या आसपास, वर 75 किलोचा रायडर धरू. म्हणजे 260 किलोंतला पाऊण हिस्साही स्थिर नाही, चौथ्या हिश्शाहून जास्त वजन हलतं आहे. तुमच्या स्पेसरनी प्रत्येक बाजूला 3.8 सेंटिमीटर मिळाले. तेवढाच फायदा रायडरनं अंग वळणाच्या आत 13 सेंटिमीटर नेलं की मिळतो. 75 गुणिले 13 भागिले 260, करून बघा. 13 सेंटिमीटर म्हणजे कुला सीटच्या कडेवर आणणं, बस. ज्याला गाडी येते तो याच्या दुप्पट सहज सरकतो आणि वळण संपलं की परत मधे येतो. स्पेसर मात्र दोन झाडांच्या मधून जातानाही तिथेच असतो.

आता मागचा एक्सल. सगळा पेच इथे आहे आणि कार शिकलेल्या माणसाला तो चटकन दिसत नाही. तुमच्या गाडीला मागे डिफरेन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची रचना) नाही. एकच सलग एक्सल, चेननं फिरणारा, दोन्ही चाकं कायम एकाच वेगानं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आणि 90 अंशांच्या वळणात हा फरक किती, हे फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतं. वळण मोठं असो की छोटं, फरक तोच. मागची चाकं मध्यापासून मध्यापर्यंत 39 इंच धरली तर तो साधारण 155 सेंटिमीटर येतो. तुमच्या स्पेसरसकट 42 इंचांना 168. एवढं अंतर कुठलं तरी टायर जमिनीवर घासतच पार करणार. ते घासणं गाडीला सरळ ढकलतं, आणि ज्या तरफेवर ते काम करतं तीसुद्धा तुम्ही लांब केलीत.

मग स्टॉक क्वाड वळते कशी? आतलं मागचं चाक हलकं होतं म्हणून. स्विंगआर्म (मागचा एक्सल धरणारा, वर-खाली होणारा भाग) आणि त्यावरचा सॉलिड एक्सल चासीला आडवे झुकू शकत नाहीत. झुकायचं तर चासी, स्विंगआर्म, एक्सल सगळं एकत्र झुकतं. पुढची चाकं मात्र आपापल्या स्प्रिंगवर सुटी. त्यामुळे वळणात वजनाची अदलाबदल मुख्यतः मागे होते, आतल्या मागच्या चाकावरचा भार सुटतो, ते सहज घसरतं आणि गाडी वळते. बाहा गाड्यांतही बरेच जण मागचा भाग मुद्दाम कडक ठेवून हेच साधतात, तुम्ही ते पाहिलं असेलच. मागची रुंदी वाढवली की आतलं चाक जमिनीला धरून राहतं. तुम्हाला तेच स्थिर वाटतंय, आणि त्याचमुळे गाडी सरळ जातेय. दोन्ही एकाच कारणाचे परिणाम आहेत.

मोटोक्रॉसचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. ट्रॅक मोकळा, वळणाला मातीचा बांध टेकायला, रायडर थ्रॉटलवर मागचा भाग सरकवून गाडी फिरवतो, आणि उडीवरून तिरकं उतरल्यावर प्रत्येक इंच कामाला येतो. तिथे 50 इंचांच्या आसपासची गाडीच हवी. पण मग यामाहानं 2009 मध्ये जवळपास 49 इंचांची 450 आर काढल्यावर पुढच्याच वर्षी जवळपास 46 इंचांची 450 एक्स का काढली? कॅन-ॲमनं डीएस 450 मोटोक्रॉससाठी रुंद आणि जंगलासाठी अरुंद अशी दोन रूपांत का विकली? जीएनसीसीसारख्या अमेरिकेतल्या जंगल-शर्यतींत दोन तास झाडांच्या फटींतून गाडी काढावी लागते, म्हणून. तुम्ही घेतलीत मोटोक्रॉसची गाडी, चालवता जंगलात, आणि बदल केलात तो तिला आणखी मोटोक्रॉसकडे नेणारा.

स्पेसरबद्दल. मागे ते लावले तर भूमिती फारशी बिघडत नाही. एक्सल आणि बेअरिंगवर ताण वाढतो, उडीवरून उतरताना जास्तच. माझा खरा विरोध पुढच्या स्पेसरला आहे. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून स्पेसर चाकाला बाहेर ढकलतो. एकाच चाकाखाली झाडाचं मूळ आलं की त्या वाढलेल्या अंतरानं धक्का थेट हँडलला पोचतो. ज्यानं हे अनुभवलंय त्याला मी सांगायला नको: अंगठा थ्रॉटलवर असतो, हँडल झटकन फिरतं, मनगट आधी दुखतं आणि गाडी कुठे गेली ते नंतर कळतं. लांब ए-आर्मनं हब आणि तो अक्ष यांचं नातं आहे तसं राहतं, सगळा संच बाहेर सरकतो. शिवाय चाक वर-खाली होताना त्याचा कल कमी बदलतो.

मात्र ए-आर्म लावून विषय संपत नाही, आणि हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं; दुकानदार तर ते कधीच सांगत नाहीत. आर्म 40 चा 45 सेंटिमीटर केला आणि शॉकचं खालचं टोक आर्मच्या आतल्या टोकापासून 26 सेंटिमीटरवरच ठेवलं, तर चाकाशी जाणवणारी स्प्रिंग सुमारे 20 टक्क्यांनी मऊ होते, कारण या दोन अंतरांच्या गुणोत्तराचा वर्ग लागतो. म्हणजे स्प्रिंग आणि व्हाल्व्हिंग (शॉकमधल्या तेलाला अडवणारी रचना) बदलणं आलं, टाय रॉड (पुढचं चाक वळवणारे दांडे) लांब करणं आलं. तेवढा खर्च झेपत नसेल तर पुढचा भाग स्टॉक ठेवा. अर्धवट बदलापेक्षा स्टॉक गाडी कधीही चांगली.

तुमच्या गाडीला माझा सल्ला सरळ आहे: मागचे स्पेसर काढा, पुढे हात लावू नका, आणि त्याच अरुंद वळणावर आत झुकून जा. त्याआधी एकदा टेप धरा, एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत, टायरमध्ये नेहमीची हवा असताना. माझ्या हिशेबानं मागे 51 इंचांच्या वर भरेल. तिथल्या राष्ट्रीय वनांतले बरेच ट्रेल 50 इंचांपर्यंतच्याच गाड्यांना खुले असतात, तेव्हा हा आकडा तुम्हाला वळणांइतकाच महत्त्वाचा आहे. मोजलंत की इथेच लिहा.