‘कमान मारा, पास व्हा’: ओम्नीच्या पाट्यांबद्दलच्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात शाळेच्या व्हॅन आणि भाजी-दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतो आहे. मारुती ओम्नी व्हॅन ‘मागून बसली’ म्हणून पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) नापास झाली, तर नवे पाटे (मागच्या ॲक्सलवरच्या लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) घेऊ नका. जुने पाटे तापवून कमान मारून (पुन्हा वाकवून) घ्या, नाहीतर एक जादा पाटा टाका. शॉकअप बदलले की उंची येते. बसली असेल तेवढ्याच बाजूचं काम करा. यू-बोल्ट जुनेच चालतात. असे पाच सल्ले त्यात आहेत आणि पाचही चुकीचे आहेत. पहिला आणि शेवटचा तर जिवावर बेतू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे, की उंची कमी झाली हाच दोष. उंची ही फक्त खूण आहे. दोष पाट्यात असेल, बुशात (टोकाच्या रबरी नळीत) असेल, शॅकलमध्ये (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीत) असेल, नाहीतर बॉडीला जोडलेल्या हँगरमध्ये (पाटा टांगायच्या ब्रॅकेटमध्ये). म्हणून आधी मोजा. गाडी रिकामी, जमीन सपाट, दोन्ही टायरांत हवा सारखी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घ्या. टायरच्या झिजेचा फरक त्यात येत नाही. दोन बाजूंत १५ मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर खाली शिरून शॅकल बघा. पाटा सपाट होतो तेव्हा त्याची लांबी वाढते आणि शॅकल मागे कलते. शॅकल जागेवर आहे पण बाजू बसली आहे, तर बुश आणि हँगर तपासा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे हँगर आवर्जून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला तर आधी बॉडीचं काम, पाटे नंतर.

‘जुने पाटे तापवून कमान मारा.’ पाट्याचं पोलाद कारखान्यात सुमारे ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात (हार्डनिंग), मग साधारण ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवून (टेम्परिंग) त्याचा ठिसूळपणा काढतात. लवचिकपणा येतो तो या दुसऱ्या तापवण्यातून. कोयत्याला पाणी देणारा लोहार नजरेवर अचूक काम करतो, कारण धारेचं टेम्परिंग २०० ते ३०० अंशांत होतं आणि तिथे पिवळा, जांभळा, निळा असे रंग पोलादावर उमटतात. पाट्याचं तापमान त्या रंगांच्या वर आणि लालीच्या खाली पडतं. दिवसाउजेडी तिथे डोळ्याला काहीच आधार नसतो. मग होतं असं: लाल करून ठोकलेला पाटा तसाच गार होऊ दिला तर मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. पाण्यात विझवला तर काचेसारखा होतो आणि भरल्या गाडीत खड्ड्यावर तुटतो. मेन (सगळ्यात लांब) पाटा पुढच्या डोळ्याशी, म्हणजे टोकाला वळवलेल्या भोकाशी तुटला तर त्या बाजूचा ॲक्सल मागे सरकतो. गगनबावड्याच्या उतरणीवर असं झालं तर गाडी हाताबाहेर जाते. तापमान मोजून हार्डनिंग-टेम्परिंग करणाऱ्या भट्टीत हेच काम नीट होऊ शकतं, पण ओम्नीच्या हलक्या पाट्यांसाठी तो खटाटोप परवडत नाही. प्रेसवर थंड कमान काढली तर पोलाद बिघडत नाही, पण थकलेला पाटा पुन्हा खाली येतोच.

‘एक जादा पाटा टाका.’ चार पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा पाचवा घातला की कडकपणा साधारण चौथ्या हिश्श्याने वाढतो. दुसऱ्या गाडीचा जाड पाटा घातला तर हिशोबच बदलतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: ६ मिमीच्या जागी ८ मिमी म्हणजे त्या एका पाट्याचा कडकपणा जवळजवळ २.४ पट. रिकामी गाडी मागून उडते, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मनाई करतं. म्हणजे पुन्हा नापास व्हायला आपणच कारण द्यायचं.

‘शॉकअप बदला, उंची येते.’ येत नाही. वजन पाटे पेलतात. शॉकअप फक्त हेलकावे थांबवतो. तो गळत असेल तर जोडीने बदला, पण त्या कारणासाठी.

‘एकाच बाजूचं काम करा.’ नवी बाजू उंच, जुनी खाली, गाडी कायम तिरकी. पाटे जोडीनेच बदलायचे.

‘यू-बोल्ट जुनेच चालतात.’ यू-बोल्ट पाट्यांचा संच ॲक्सलला आवळून धरतो; एकदा ताणलेला पुन्हा तेवढी पकड देत नाही. पकड सुटली की पाटे हलतात, भार पाट्यांच्या मधोमध जाणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि पाटा त्या बोल्टच्या भोकातून तुटतो. मधोमध तुटलेला पाटा दिसला की आधी यू-बोल्टवर संशय घ्या.

बसवताना पुढच्या चाकांना दगड लावा, बॉडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, ॲक्सलखाली वेगळा जॅक द्या. ब्रेकच्या होज पाइपवर ॲक्सल लोंबकळू देऊ नका. बुशाला ग्रीस नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या खाचेत पूर्ण बसलं याची खात्री करूनच यू-बोल्टचे नट तिरक्या (समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या) क्रमाने, तीन-चार टप्प्यांत आवळा. डोळ्याचा आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, दोनदा हलवून मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळायचे. गाडी वर असतानाच आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. नवे बुश आठवड्यात खडखडू लागले तर पाट्यांना दोष देण्याआधी हे तपासा.

शंभरएक किलोमीटर गाडी फिरवा, यू-बोल्ट पुन्हा आवळा, दोन्ही बाजूंची उंची पुन्हा मोजा, आणि मगच फेरतपासणीला न्या.