सर्वांच्या मालकीची शेती सर्वांनी मिळून कशी वाळवावी

आपल्या गावात एखादे रिकामे गोदाम असेल, आणि खान्देशात असे गोदाम नसलेले तालुक्याचे गाव सापडणे कठीणच, तर दहा-पाच उत्साही माणसे तिथे भाजीपाला पिकवू लागण्याआधीच सावध व्हावे. आमच्या गावी जरा उशीर झाला. जिनिंग-प्रेसिंग बंद पडल्यापासून वटवाघळांच्या ताब्यात असलेले कापसाच्या गाठींचे गोदाम आम्ही 118 जणांनी भागभांडवल जमवून विकत घेतले. निम्मे पत्रे काढून तिथे शेडनेट ताणले, कोब्यावर विटांचे वाफे बांधून त्यांत काळी माती आणि शेणखत भरले, आणि एका बाजूला वाचनालय, बियाण्यांचे कपाट व बचत गटाची केळीच्या वेफर्सची कढई मांडली. हे सारे गेल्या मे महिन्यात अवघ्या आठ दिवसांत वाळवण्यात आम्हाला जे यश लाभले, त्याचा फायदा इतर गावांनाही व्हावा, एवढ्याच हेतूने हे चार उपाय लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे संस्था रीतसर नोंदवावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान 10 व्यक्ती लागतात, आणि भाग कितीही घेतले तरी प्रत्येक सभासदाला मत एकच असते. ही समानता फार त्रासदायक ठरू शकते, म्हणून सभेला जाऊच नये. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरते आणि तेव्हा तिला गणपूर्तीची अट उरत नाही, हे नोटिशीच्या तळाशी छापलेलेच असते. त्या अर्ध्या तासात चहा पिऊन जे सात जण टिकतात ते सगळे ठराव करतात, आणि ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही’ असे म्हणायला उरलेले 111 जण मोकळे राहतात.

कचेरीत मात्र आवर्जून जावे. आमचे गोदाम नगर भूमापनाच्या हद्दीत असल्यामुळे त्याला सातबारा नाही, मालमत्ता पत्रक आहे, आणि त्या पत्रकात पिकाचा रकाना नसतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद गाव नमुना 12 मध्ये होते. 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या अॅपवरून ती स्वतः करतो, पण ते अॅप गट क्रमांक मागते आणि आमच्या वाफ्यांना तो कुठून असणार? शेतीच्या दराने वीज मागायला गेलो, तेव्हा साहेबांनी पिकाचा पुरावा विचारला. मी टेबलावर मेथीची ताजी जुडी ठेवली. ‘ही कागदावर कुठे आहे?’ असे म्हणून त्यांनी ती आपल्या पिशवीत घातली.

भाषणांत परदेशाचे दाखले द्यावेत. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला डिझेल आणि खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवाना शहरातल्या लोकांनी मोकळ्या जागांवर वाफे बांधून भाजी पिकवली. शिकागोत डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा बंद कारखाना 2010 मध्ये घेऊन तिथे शेती आणि खाद्यपदार्थांचे छोटे उद्योग उभे राहिले. टाळ्या मिळतात. त्या लोकांनी रोज सकाळी उठून पाणी दिले, एवढा तपशील गाळावा.

वाफ्यांना पाणी द्यायची पाळी आपली असेल त्या दिवशी नात्यात कोणाचे तरी लग्न काढावे.

हिवाळ्यात मात्र हजेरी चुकवू नये. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे आमच्या वाफ्यांतली वांगी काड्यांवर भाजली गेली त्या रात्री सभासदांचा अभिमान ओसंडून वाहत होता. भरीत आणि कळण्याच्या भाकरीला 118 सभासदांपैकी 140 हजर होते. भांडी घासायला चौघे उरलो.

आता सर्वांत खात्रीचा उपाय: ठिबकचा फिल्टर धुऊ नये. ज्या जळगावचे नाव ठिबकसाठी देशभर घेतले जाते, त्याच्या शेजारी राहून हे करायला विशेष कौशल्य लागते. टाकीत शेवाळ धरते, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि हे सगळे फिल्टरच्या जाळीवर बसते. झाकण फिरवून काढायचे, आतली जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने चोळायची, पुन्हा बसवायची. पाच मिनिटांचे काम आहे. तो ब्रशसुद्धा मी सुतळीने पाइपलाच बांधून ठेवला होता. पुतणीच्या लग्नासाठी मी आठ दिवस शहाद्याला गेलो. जाण्यापूर्वी पाळ्या फळ्यावर लिहिल्या, ग्रुपवर टाकल्या, त्यावर अंगठे मोजून घेतले: त्रेपन्न. परत आलो तेव्हा मोटर चालू होती, टाकी भरलेली होती, फिल्टरच्या सांध्यातून पाणी गळून कोब्यावर डबके साचले होते, आणि त्या डबक्यापासून दहा पावलांवर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गवार, भेंडी आणि चवळी उभ्या उभ्या करपली होती. फिल्टर उघडला तर जाळी दिसतच नव्हती, बोटभर हिरवा लगदा निघाला. आठ दिवसांत तिथे कोणी फिरकले नव्हते असेही नाही! एकाने सुकलेल्या रोपांचा फोटो ग्रुपवर टाकला होता, त्याखाली रडके चेहरे टाकायची चढाओढ लागली होती, आणि एकाने ‘शासनाने लक्ष घालावे’ असे लिहिले होते. तात्यांना विचारले, ‘तात्या, तुम्ही रोज इथे पेपर वाचायला येता, फिल्टर का नाही धुतला?’ तर म्हणाले, ‘भाऊ, मी काय अध्यक्ष शे का?’

अध्यक्ष नाही, तात्या, तुम्ही मालक आहात. पैसे भरून, पावती घेऊन, समारंभात हार घालून घेऊन मालक झालेले आहात. स्वतःच्या घरी नळाला आठव्या दिवशी पाणी येते तेव्हा रात्री दोनला उठून पिंप भरता ना? मग इथल्या पाच मिनिटांसाठी तुम्हाला कोणाचा आदेश हवा आहे? बचत गटाच्या बायका उन्हात बादल्या ओतून एक वाफा वाचवू पाहत होत्या आणि तुम्ही पंख्याखाली बसून त्यांचा फोटो काढलात. लाज वाटायला हवी, आणि ही लाज त्या त्रेपन्न अंगठ्यांतल्या प्रत्येकाला वाटायला हवी, कारण दर सभेनंतर ‘संस्था सात जणांच्या खिशात आहे’ अशी कुजबुज करणारे तुम्हीच आहात.

वाफे मी पुन्हा भिजवले आहेत आणि भेंडी नव्याने टोकली आहे. किल्ली दाराच्या उजव्या खिळ्याला आहे, ब्रश पाइपला बांधलेला आहे. सोमवारची पाळी माझी होती. मंगळवारचे नाव फळ्यावर लिहिले आहे. ते तुमचे आहे, येऊन वाचा.